गर्दीत राहून एकटी पडलेली माणसं : व्हिकोचा आधुनिकतेवरचा आक्षेप

समाज बुडतो कशामुळे? दुष्काळ, युद्ध, रोगराई, अशी उत्तरं आपल्या तोंडावर असतात. अठराव्या शतकात नेपल्समधल्या एका कॅथलिक प्राध्यापकानं निराळं उत्तर दिलं. त्याच्या मते समाज बुडतो तो हुशारीच्या टोकाला पोचल्यावर. शहरं गजबजलेली असतात, कायदा सगळ्यांना सारखा असतो, विद्यापीठं भरलेली असतात. पण अंगाला अंग लागेल अशा गर्दीतही माणसं मनानं रानातल्या जनावरांसारखी एकेकटी जगत असतात. कुठल्याही दोघांचं एका गोष्टीवर एकमत होत नाही, कारण जो तो आपापल्या लहरीमागे धावत असतो.

या प्राध्यापकाचं नाव जाम्बात्तिस्ता व्हिको. जन्म १६६८, मृत्यू १७४४. त्याच्या मुख्य ग्रंथाचं नाव मराठीत सांगायचं तर ‘नवं शास्त्र’. १७२५ साली तो पहिल्यांदा छापला, १७३० साली व्हिकोनं तो जवळजवळ नव्यानं लिहिला, आणि शेवटची आवृत्ती १७४४ मध्ये, तो गेल्यानंतर बाहेर आली. ग्रंथ अवघड आहे, विस्कळीत आहे, काही ठिकाणी चक्क अडखळायला होतं. तरीही युरोपातली आधुनिकता नुकती बाळसं धरत होती तेव्हाच तिच्या दुखण्याचं इतकं नेमकं निदान करणारा दुसरा माणूस मला माहीत नाही. म्हणून त्याचं म्हणणं जमेल तितक्या सोप्या भाषेत मांडतो.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. धार्मिक माणूस आधुनिकतेवर टीका करतो म्हटलं की आपण सावध होतो. ‘पूर्वी सगळं चांगलं होतं, आता कलियुग आलं’ हेच तो बोलणार असं वाटतं. व्हिको तसं बोलत नाही. पूर्वीचा काळ किती क्रूर होता हे त्यानं जितकं उघडं करून दाखवलं तितकं त्याच्या काळात फार थोड्यांनी दाखवलं असेल. समान कायद्याचा, विवेकाचा काळ हाच माणसाच्या वाटचालीतला सगळ्यात सभ्य टप्पा, असं तो मानतो. त्याची भीती पुढची आहे. हा टप्पा ज्या पायावर उभा राहिला त्या पायाचाच त्याला विसर पडतो, आणि मग तो आतून पोखरला जातो.

व्हिकोचे वडील नेपल्समध्ये पुस्तकांचं छोटंसं दुकान चालवायचे. सात वर्षांचा असताना तो उंचावरून डोक्यावर पडला आणि कवटी फुटली. एक तर मूल मरेल, नाही तर मतिमंद होईल, असं वैद्यानं सांगितलं, ही हकिकत त्यानंच आत्मचरित्रात दिली आहे. पुढची तीन वर्षं शाळा बंद. नंतरचं शिक्षण बरंचसं स्वतःचं स्वतः. तरुणपणी दक्षिणेकडच्या वातोल्ला नावाच्या गावात एका जमीनदार घराण्यातल्या मुलांना शिकवण्याची नोकरी मिळाली. तिथे वाचायला ग्रंथ होते आणि वेळही. १६९९ साली नेपल्सच्या विद्यापीठात वक्तृत्वशास्त्राचा प्राध्यापक झाला, वर्षाला १०० स्कूदी (तिथली नाणी) पगारावर. कायद्याच्या अध्यासनाला याच्या कितीतरी पट पगार होता. १७२३ साली त्या जागेसाठी तो स्पर्धेत उतरला आणि हरला. दोन वर्षांनी ‘नवं शास्त्र’ छापायची वेळ आली तेव्हा ज्या कार्डिनलला ग्रंथ अर्पण केला होता त्यानं छपाईचा खर्च उचलायला नकार दिला. हाच कार्डिनल पुढे पोप झाला. व्हिकोनं बोटातली हिऱ्याची अंगठी विकली, हस्तलिखित कापून लहान केलं आणि पुस्तक छापून घेतलं.

त्या वेळचं नेपल्सही डोळ्यांपुढे हवं. शहरावर आधी स्पेनची सत्ता होती, मग ऑस्ट्रियाची आली. नवे विचार उत्तरेकडून झपाट्यानं येत होते, तरुण वकील आणि वैद्य ते हपापून वाचत होते. १६९०च्या आसपास तिथल्या काही तरुणांवर नास्तिकतेच्या आरोपावरून धर्मन्यायालयात खटले चालले. व्हिकोच्या ओळखीतली माणसंही त्यात अडकली. म्हणजे नव्या विचारांचं आकर्षण आणि चर्चचा धाक हे दोन्ही त्यानं जवळून पाहिलं होतं. तो शेवटपर्यंत निष्ठावंत कॅथलिक राहिला. पण नव्या विचारांना ‘पाखंड’ म्हणून त्यानं झटकून टाकलं नाही. त्यांच्याशी वाद घातला, आणि तो त्यांच्याच मैदानात उतरून.

देकार्तशी भांडण

पहिला वाद फ्रेंच तत्त्वज्ञ रेने देकार्तशी. १६३७ साली देकार्तनं ‘पद्धतीविषयी’ हे छोटं पुस्तक लिहिलं. ज्याबद्दल जराही शंका घेता येईल ते बाजूला ठेवा, जे स्पष्ट आणि निःसंशय आहे तेवढंच धरा, आणि गणितासारखी एकेक पायरी चढत पुढे जा, असा त्याचा मंत्र. त्याच पुस्तकात तो एक उदाहरण देतो. खेड्यांची वाढत वाढत शहरं झाली की ती वेडीवाकडी दिसतात, रस्ते नागमोडी, घरं लहानमोठी. उलट एखाद्या अभियंत्यानं मोकळ्या मैदानावर आपल्या मनासारखं आखलेलं शहर किती नेटकं! एका डोक्यातून निघालेली गोष्ट अनेक हातांनी घडलेल्या गोष्टीपेक्षा चांगली, हे त्याचं सूत्र.

व्हिकोच्या ग्रंथातलं एक सूत्र याच्या शेजारी ठेवून पाहा. मानवी गोष्टींचा क्रम असा, तो म्हणतो : आधी रानं, मग झोपड्या, मग खेडी, मग शहरं, आणि शेवटी विद्यापीठं. ही दोन वाक्यं शेजारी ठेवली की सगळं भांडण समोर येतं. देकार्तला शहर विद्यापीठातून पाहायचं आहे. व्हिको म्हणतो, अरे, तुझं विद्यापीठ सगळ्यात शेवटी आलं. ज्या रानातून, झोपड्यांतून, खेड्यांतून ते वर आलं त्यांना ‘वेडंवाकडं’ म्हणून पुसून टाकलंस तर तू उभा कुठे राहणार?

१७०८ साली विद्यापीठात केलेल्या एका भाषणात त्यानं हाच मुद्दा शिक्षणाला लावला. लहान मुलांना आधी तर्कशास्त्र आणि चिकित्सा शिकवायची नवी पद्धत तेव्हा रुजत होती. व्हिकोनं तिला विरोध केला. मुलांचं बळ असतं स्मरणात, कल्पनेत, गोष्टी ऐकण्या-सांगण्यात. ते वय संपायच्या आत त्यांना फक्त ‘सिद्ध कर’ म्हणायला शिकवलं तर पुढे ती चार माणसांत वावरू शकत नाहीत. कारण व्यवहारातले बहुतेक प्रश्न गणितासारखे सुटत नाहीत. पंचायतीत काय बोलावं, कोणाशी कधी नमतं घ्यावं, कुठल्या साक्षीदारावर किती विश्वास ठेवावा, याला लागते ती वेगळी जाण. ही जाण समाजात सगळ्यांकडे थोडी थोडी असते आणि ती कुणीही सिद्ध करून घेतलेली नसते. व्हिकोच्या विचारात तिला फार मान आहे. एखाद्या जमातीचं, शहराचं, राष्ट्राचं, किंबहुना सगळ्या मानवजातीचं, विचार न करताही एकमतानं केलेला निवाडा, अशी तिची व्याख्या तो पुढे देतो. तीनशे वर्षांनी शाळा निवडणाऱ्या आईबापांनी हे भाषण जरूर वाचावं असं मला मनापासून वाटतं.

जे घडवलं तेच कळतं

१७१० साली व्हिकोनं देकार्तच्या मुळावरच घाव घातला. आपल्याला एखादी गोष्ट पूर्ण कधी कळते? देकार्त म्हणतो, ती मनाला स्वच्छ आणि स्पष्ट दिसते तेव्हा. व्हिको म्हणतो, ती आपण स्वतः घडवलेली असते तेव्हा. भूमितीत इतकी खात्री वाटते, कारण बिंदू, रेषा, वर्तुळ आपणच कल्पून तयार केलेली असतात. निसर्ग आपण घडवलेला नाही, ईश्वरानं घडवला. त्यामुळे तो पुरता त्यालाच ठाऊक. आपण प्रयोग करून थोडंफार अनुकरण करू शकतो, तेवढंच आपल्या वाट्याला येतं.

इथवर हे माणसाला नम्र करणारं तत्त्व वाटतं. पण ‘नवं शास्त्र’ लिहिताना व्हिकोनं यातून एक जबरदस्त निष्कर्ष काढला. राज्यं, कायदे, भाषा, लग्नसंस्था, दैवतकथा हे जग माणसांनी घडवलं आहे, यात शंकेला जागा नाही. मग त्याची तत्त्वं माणसाच्या मनाच्या घडामोडींतच सापडायला हवीत. तत्त्वज्ञांनी इतकी शतकं निसर्ग जाणून घेण्यात घालवली, जो ईश्वरानं केला आहे, आणि जे स्वतः माणसानं केलं त्या जगाकडे दुर्लक्ष केलं, याचं त्याला नवल वाटतं. देकार्तनं कमी लेखलेला इतिहास त्यानं एका फटक्यात ज्ञानाच्या मध्यभागी आणून बसवला.

आता इतिहास कळायचा तर ज्यांनी तो घडवला त्यांच्या मनात शिरावं लागतं. इथे दोन प्रकारचे गर्व आडवे येतात, असं तो बजावतो. एक राष्ट्रांचा गर्व : प्रत्येक राष्ट्राला वाटतं की संस्कृती आपणच पहिल्यांदा शोधली आणि आपला इतिहास जगाच्या आरंभापासून चालत आला आहे. दुसरा विद्वानांचा गर्व : आपल्याला आज जे कळतं तेच जगाच्या सुरुवातीपासून कळत होतं, असं त्यांना वाटतं. पहिल्या गर्वाची लागण आपल्याकडे किती आहे हे सांगायला नको. पण व्हिकोच्या मुख्य लढाईत कामाचा आहे तो दुसरा.

करार करायला बसलेले रानटी

सतराव्या शतकात राज्यसंस्थेला धर्माशिवाय पाया देण्याचे मोठे प्रयत्न झाले. डच कायदेपंडित ह्यूगो ग्रोशियस १६२५ साली म्हणाला, ईश्वर नाही असं मानण्याचं महापाप क्षणभर केलं तरीही नैसर्गिक कायदा, म्हणजे माणसाच्या स्वभावातूनच येणारे न्यायाचे नियम, टिकेल. इंग्रज तत्त्वज्ञ थॉमस हॉब्जनं १६५१ साली मांडलं की मूळ अवस्थेत माणूस माणसाला भीत होता, त्या भीतीपोटी सगळ्यांनी करार केला आणि सत्ता एकाच्या हाती दिली. १६८२ साली फ्रेंच विचारवंत पिएर बेलनं एका धूमकेतूच्या निमित्तानं लिहिताना विचारलं, नास्तिकांचा समाज नीतीनं का राहू शकणार नाही? आणि डच तत्त्वज्ञ स्पिनोझानं राज्याची जी मांडणी केली तिच्याबद्दल व्हिकोचं मत होतं की हा माणूस राज्याबद्दल असं बोलतो जणू ती व्यापाऱ्यांची पेढी आहे.

या सगळ्यांची कल्पनाशक्ती थिटी पडली, हा व्हिकोचा आक्षेप. हॉब्जच्या रानटी माणसाला धोका मोजता येतो, फायदा-तोटा ताडून पाहता येतो, वचन द्यायचं म्हणजे काय ते कळतं, आणि पुढच्या काळाचा विचार करून आजचा हक्क सोडता येतो. हा रानटी माणूस नाहीच. हा सतराव्या शतकातला वकील आहे, अंगावर फक्त कातडं पांघरलेलं. करार करायचा तर शब्द पाळणारी माणसं आधी लागतात. ती कुठून आली?

इथे व्हिको एक प्रसंग रंगवतो. महाप्रलयानंतर माणसं पांगली, भाषा विसरली, धिप्पाड देहाची आणि जनावराच्या बुद्धीची होऊन रानोमाळ भटकू लागली. जमीन वाळायला पिढ्या लागल्या. मग एके दिवशी आकाशात पहिल्यांदा वीज कडाडली. त्या माणसांना कारण ठाऊक नव्हतं. आणि ज्याचं कारण कळत नाही त्याला माणूस आपलाच स्वभाव चिकटवतो. त्यांनी आकाश म्हणजे एक प्रचंड जिवंत देह मानला, जो गर्जना करून आपल्याला काहीतरी सांगू पाहतो आहे. हा पहिला देव. त्या धाकानं काही जण भटकायचे थांबले, गुहेत शिरले, आकाशाच्या नजरेआड एका स्त्रीबरोबर राहू लागले. तिथून लग्न आलं, कुटुंब आलं. एका जागी राहिल्यावर मेलेल्यांना तिथेच पुरलं. पूर्वज जिथे पुरले ती जमीन आपली, ही भावना त्यातून आली.

प्रलय, धिप्पाड माणसं, हे शब्दशः घ्यायची आज गरज नाही. त्यातला मुद्दा पकडावा. माणसानं स्वतःला पहिल्यांदा आवरलं ते युक्तिवाद ऐकून नव्हे. डोळ्यांपुढे एक भव्य, भयंकर कल्पना उभी राहिली म्हणून तो थबकला. आणि ती कल्पना त्याची स्वतःचीच निर्मिती होती. व्हिको हे बिनदिक्कत लिहितो, की मूर्तिपूजकांचे देव माणसांच्या भीतीनं आणि कल्पनेनं घडवले. श्रद्धाळू कॅथलिकाच्या लेखणीतून हे उतरावं याचं मला दर वेळी आश्चर्य वाटतं. पण त्याला या घडवण्यात थोतांड दिसत नाही. त्याला दिसते माणूसपणाची सुरुवात. जगातल्या झाडून साऱ्या राष्ट्रांमध्ये तीन प्रथा सापडतात, तो म्हणतो : कुठला ना कुठला धर्म, विधिवत लग्न, आणि मृतांचं दफन. याखेरीज समाज उभा राहिल्याचं उदाहरण नाही. धर्माविना जगणाऱ्या जमातींच्या गोष्टी सांगणाऱ्या प्रवाशांवर त्याचा विश्वास नव्हता.

मातीचं ढेकूळ आणि काठी

व्हिकोची पद्धत सगळ्यात सुंदर उमटते ती जुन्या रोमन कायद्याबद्दल तो बोलतो तेव्हा. शेताच्या मालकीचा वाद असला की जुन्या रोममध्ये काय चालायचं ते पाहा. वादी आणि प्रतिवादी न्यायाधीशापुढे येत. शेत उचलून आणता येत नाही म्हणून शेतातलं मातीचं ढेकूळ आणलं जाई. एक जण हातात काठी घेऊन त्यावर टेकवी आणि ठरलेल्या शब्दांत म्हणे, हे माझं. दुसराही काठी टेकवून तेच शब्द म्हणे. मग न्यायाधीश हुकूम सोडी : दोघंही सोडा. त्यानंतर खऱ्या सुनावणीला सुरुवात. एखादा शब्द चुकला तरी दावा बाद होऊ शके.

देकार्तच्या चष्म्यातून पाहिलं तर हा पोरखेळ आहे. काठी कशाला? ढेकूळ कशाला? कागदपत्रं दाखवा आणि मोकळे व्हा. व्हिको इथे थांबतो आणि विचारतो, हे आलं कुठून? काठी म्हणजे भाला. एके काळी हे दोघं खरोखर भाल्यानं लढले असते आणि जो जिवंत राहील त्याचं शेत झालं असतं. पुढे राज्यसंस्था आली तेव्हा लोकांनी लढाई एकदम टाकून दिली नाही. तिचं नाटक केलं. खरी हिंसा गेली, तिची नक्कल उरली, आणि त्या नकलेच्या आडून न्याय हळूच आत आला. जुना रोमन कायदा म्हणजे एक गंभीर काव्य, असं व्हिको म्हणतो. रोममधली मुलं बारा पाट्यांचा कायदा, म्हणजे रोमचा सगळ्यात जुना लिखित कायदा, गाण्यासारखा पाठ करत असत, हे रोमन वक्ता सिसेरोनं नोंदवलेलं आहेच.

हे वाचताना मला व्हिकोचं म्हणणं सगळ्यात स्पष्ट कळलं. त्या विधीतला कुठलाही भाग आज तर्कानं सिद्ध करता येणार नाही, आणि तरी त्या विधीविना भाल्यापासून न्यायालयापर्यंत पोचायला पूल नव्हता. बुद्धी जेव्हा अशा पुलाकडे पाहून म्हणते ‘हा अंधश्रद्धेचा, पाडून टाका’, तेव्हा तिला आपण स्वतः पलीकडच्या तीरावर कशा आलो याचा विसर पडलेला असतो.

याचा अर्थ व्हिको त्या जुन्या जगाच्या प्रेमात आहे असा नाही. रोमचे उमराव गरीब प्लेबियनांना, म्हणजे उमराव नसलेल्या सामान्य लोकांना, चाबकानं फोडत, कर्जापायी खासगी तुरुंगात डांबत, हे तो स्वच्छ लिहितो. पुराणकथांतल्या वीरांचा मोठेपणा म्हणजे बहुतेकदा आपल्या वर्गाचा अहंकार, हेही. इसवी सनपूर्व ४४५ मध्ये प्लेबियनांनी उमरावांशी लग्नाचा हक्क मिळवला, अशी इतिहासातली नोंद. व्हिको तिचा अर्थ बदलतो. त्याच्या मते त्यांना उमरावांच्या मुली नको होत्या, हवा होता उमरावांसारख्या विधिवत लग्नाचा हक्क. तसं लग्न नाही म्हणजे कायद्यानं बाप नाही, वारस नाही, वारशानं जमीन नाही. ज्यांना माणसांत धरलं जात नव्हतं ते माणसांत धरलं जाण्यासाठी भांडत होते. तपशिलात आजचे इतिहासकार त्याच्याशी सहमत होणार नाहीत. पण समता वरून कुणा तत्त्वज्ञानं वाटली नाही, ती खालच्यांनी झगडून ओढून घेतली, आणि त्या झगड्यातून माणसांना अमूर्त न्यायाचा विचार करता यायला लागला, हे त्यानं त्या काळी पाहिलं होतं.

हेतू एक, फळ दुसरं

आता देव कुठे आहे या सगळ्यात? व्हिकोचं उत्तर : ईश्वरी योजनेत. पण ही योजना चमत्कार करत नाही. माणसं आपल्या कोत्या हेतूंनी वागतात आणि त्यातून त्यांच्या ध्यानीमनी नसलेलं मोठं काहीतरी घडतं. वासना भागवायला गेलेल्या माणसाकडून कुटुंब उभं राहतं. उमराव आश्रितांवर बेलगाम सत्ता गाजवायला जातात आणि त्यातून कायद्याचं राज्य येतं. क्रौर्य, हाव आणि महत्त्वाकांक्षा या तीन दुर्गुणांतून समाज सैनिक, व्यापारी आणि राज्यकर्ते घडवतो. हे सगळं माणसांनीच केलं, आणि तरी कुणीही तसं ठरवलं नव्हतं. व्हिकोला इथे ईश्वराचा हात दिसतो. सगळं योगायोगानं झालं म्हणावं तर त्यात इतकी संगती कशी, आणि सगळं अटळ होतं म्हणावं तर माणसाच्या निवडीला अर्थ काय?

हा भाग मला पूर्ण पटत नाही. न ठरवता घडलेल्या व्यवस्थेमागे योजनाकार असलाच पाहिजे, ही उडी मोठी आहे. पण श्रद्धा बाजूला ठेवली तरी त्यातली एक गोष्ट उरते. समाज कुणा एका हुशार डोक्यातून निघालेला नाही. त्यामुळे कुणा एका हुशार डोक्याला तो मुळापासून पुन्हा आखण्याचा अधिकारही आपोआप मिळत नाही.

दुसरा रानटीपणा

व्हिकोच्या मते प्रत्येक राष्ट्र तीन युगांतून जातं : देवांचं, वीरांचं आणि माणसांचं. माणसांच्या युगात कायदा लिखित आणि सर्वांना सारखा होतो, भाषा सोपी होते, लोक तर्कानं बोलतात. इथपर्यंत चढण. मग उतरण कशी लागते ते तो एका सूत्रात सांगतो : माणसांना आधी गरज जाणवते, मग ती उपयोगाचं शोधतात, मग सोयीचं, पुढे सुखात रमतात, मग चैनीत वाहवत जातात, आणि शेवटी वेडी होऊन होतं नव्हतं ते उधळतात.

पण चैन हा त्याच्या निदानाचा वरवरचा भाग आहे. खरा भाग बुद्धीबद्दलचा. माणसांच्या युगात बुद्धी सगळ्या गोष्टींना प्रश्न विचारू लागते. देव कशाला, शपथ कशाला, विधी कशाला. आधी हे प्रश्न सत्तेची दंडेली मोडतात, म्हणून ते चांगले. पण ते तिथे थांबत नाहीत. चांगल्या-वाईटाची सामाईक जाणही त्यांच्यासमोर टिकत नाही, कारण ती कधी सिद्ध केलेलीच नव्हती. वक्तृत्व सत्यासाठी न राबता जो पैसे देईल त्याच्या बाजूनं राबू लागतं. खऱ्याचं खोटं आणि खोट्याचं खरं करण्यात तरबेज माणसं विद्वान म्हणून मिरवतात. शेवटी उरतो फक्त आपापला फायदा, आणि तो साधायला धार लावलेली बुद्धी.

याला व्हिको दुसरा रानटीपणा म्हणतो, बुद्धीतून जन्मलेला. पहिला रानटीपणा इंद्रियांचा होता. त्यातली क्रूरता उघड होती, समोरून यायची. तिच्यापासून पळता यायचं, तिच्याशी लढता यायचं. हा दुसरा गोड बोलतो, गळामिठी घालतो आणि आपल्याच मित्राच्या, आपल्याच घरच्याच्या जिवावर आणि पैशावर टपलेला असतो. म्हणून तो अधिक नीच आणि अधिक भयंकर. सुरुवातीला सांगितलेली गर्दीतली एकटी माणसं याच परिच्छेदातली. तो इतका कळकळीनं लिहिलेला आहे की एरवीचा क्लिष्ट व्हिको इथे ओळखू येत नाही.

या दुखण्यावर तीन उपाय इतिहासात दिसतात, तो म्हणतो. लोकांतूनच एखादा रोमचा पहिला सम्राट ऑगस्टस याच्यासारखा पुरुष उभा राहतो आणि सत्ता हाती घेऊन सगळं सावरतो. ते जमलं नाही तर बाहेरचं अधिक सुदृढ राष्ट्र येऊन त्यांना जिंकतं. तेही झालं नाही तर दुफळी आणि यादवी इतकी माजते की शहरांची पुन्हा रानं होतात. मग वाचलेली मोजकी माणसं, चैन विसरलेली, गरजेपुरतं जगणारी, पुन्हा एकमेकांना दिलेला शब्द पाळायला शिकतात आणि चक्र नव्यानं सुरू होतं. रोम कोसळल्यावरचं युरोपातलं मध्ययुग हा त्याच्या मते असा दुसरा फेरा. यातला पहिला उपाय, म्हणजे एका समर्थ माणसाच्या हाती सगळं सोपवण्याचा, मला सपशेल धोकादायक वाटतो. विसाव्या शतकानं त्याची किंमत दाखवून दिली आहे. व्हिकोचं निदान घेताना त्याची औषधं घेण्याची सक्ती नाही.

त्याच्या मांडणीत आणखी एक मोठी भेग आहे. सगळ्या राष्ट्रांचे देव भीतीतून आणि कल्पनेतून जन्मले असं म्हणताना हिब्रूंचा, म्हणजे प्राचीन ज्यूंचा, इतिहास मात्र तो या नियमातून वगळतो. त्यांना खऱ्या ईश्वरानं स्वतः दर्शन दिलं, म्हणून त्यांची वाट वेगळी. राष्ट्रांच्या गर्वाबद्दल इतकं परखड बोलणारा माणूस स्वतःच्या धर्मग्रंथापाशी येऊन थांबतो. धर्मन्यायालयाचा धाक असेल, खरी श्रद्धाही असेल. मला श्रद्धाच जास्त वाटते. पण पुढच्या काळातल्या वाचकांनी नेमकी हीच भिंत ओलांडली. १८२७ साली फ्रेंच इतिहासकार झ्यूल मिशलेनं त्याचा ग्रंथ संक्षेपानं फ्रेंचमध्ये आणला, आणि इतिहास माणसांनी घडवला हे सूत्र युरोपभर पसरलं. कार्ल मार्क्सनं ‘भांडवल’च्या पहिल्या खंडात एका तळटीपेत व्हिकोचा हवाला दिला : मानवी इतिहास आपण घडवला आहे आणि निसर्गाचा इतिहास नाही, हा दोहोंतला फरक. निष्ठावंत कॅथलिकाचं हत्यार नास्तिकांच्या हाती गेलं. मनात नसलेली फळं कशी येतात हे ज्यानं सांगितलं त्याच्याच ग्रंथाबाबत हे झालं.

मग बेलच्या प्रश्नाचं काय? नास्तिकांचा समाज नीतीनं राहू शकतो का? आज उत्तर युरोपात बहुसंख्य लोक चर्चला क्वचितच जातात आणि तिथली न्यायालयं, इस्पितळं, शाळा उत्तम चालतात. सरळ सामना लावला तर बेल जिंकला, हे मान्य करायला हवं. पण तिथेही लग्न आहे, दफन आहे, न्यायालयात गंभीर होऊन घेतलेली शपथ किंवा दिलेलं वचन आहे. देवाचं नाव गळलं तरी काठी टेकवून ठरलेले शब्द म्हणण्याची रीत गेलेली नाही. या रीती अजून जिवंत आहेत की जुन्या ठेवीच्या व्याजावर चालल्या आहेत, यावर व्हिको आणि बेल यांचा वाद आज पुन्हा जुंपला असता. व्हिकोनं इतकंच सुचवलं असतं, की ठेव संपत आली हे ओळखायचं असेल तर देवळं-चर्च किती भरतात ते मोजू नका, माणसं एकमेकांच्या शब्दावर किती विसंबतात ते मोजा.